मागच्या बाकावरची मोजणी

माझी नोकरी नेमकी कसली होती हे आमच्या नातेवाइकांत कुणालाच धड सांगता आलं नाही. "आमची वहिनी मास्तरांची मास्तरीण आहे," असं वन्सं लग्नाकार्यात सांगत. ऐकणाऱ्याने पुढे काही विचारेपर्यंत पानं मांडलेली असत, आणि विषय तिथेच राही. आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक या वर्षी घरी आले आणि "नोकरीबद्दल लिहा, पण जरा प्रेरणादायी लिहा" म्हणाले. प्रेरणादायी माझ्याकडे फारसं नाही. एक चूक आहे, ती लिहिते.

झाशीच्या शिक्षक-प्रशिक्षण केंद्रात मी सव्वीस वर्षं होते. शेवटच्या नऊ-दहा वर्षांत माझ्याकडे जे काम आलं त्याचं सरकारी नाव दोन ओळींत मावत नसे. सोप्या मराठीत सांगायचं तर, वर्गात मुलगा आणि मुलगी यांना सारखं कसं वागवायचं हे शिक्षकांना शिकवणं. या कामातली मोठी अडचण अशी की ज्याला शिकवायचं तो स्वतःला आधीच उत्तीर्ण समजत असतो. प्रशिक्षणाच्या पहिल्या सकाळी मी विचारायची, तुमच्या वर्गात भेदभाव होतो का? लगेच कुणीतरी उभं राही. "मैडम जी, हमारे लिए तो सब बच्चे बराबर हैं." बाकीचे माना डोलवत. ते खोटं बोलत नसत, त्यांना मनापासून तसंच वाटे. अशा माणसाला भाषण देऊन काही होत नाही. तो चहा कधी येतोय याची वाट बघत बसतो.

म्हणून मी भाषण कमी केलं आणि मोजायला लागले. पद्धत साधी होती. शाळेत जायचं, शेवटच्या बाकावर बसायचं आणि वहीत वर्गाचा नकाशा काढायचा. आमच्याकडे मुली एका बाजूला, मुलगे दुसऱ्या बाजूला, मधे वाट. प्रत्येक मुलाचा एक चौकोन. मास्तरांनी प्रश्न विचारला की त्या चौकोनात उभी रेघ. फळ्यावर बोलावलं तर गोल. उत्तर चुकल्यावर पुन्हा संधी दिली तर फुली. तास संपला की वही मास्तरांपुढे ठेवायची आणि आपण गप्प बसायचं. हे गप्प बसणं मला कधीच नीट जमलं नाही, ते पुढे येईलच.

नकाशात न मावणाऱ्याही पुष्कळ गोष्टी दिसत. घंटा वाजवायला मुलगा, झाडू मारायला मुली. हजेरीत आधी सगळे मुलगे, मग सगळ्या मुली. मुलाने गणित बरोबर सोडवलं तर "दिमाग तेज है," आणि मुलीने तेच सोडवलं तर "कितनी साफ कॉपी है." हे सांगणाऱ्या बाईंना मी एकदा विचारलं, मुलाची वही कशी आहे? त्यांनी उघडून पाहिली. तीही नेटकीच होती. त्या स्वतःच हसायला लागल्या.

मी काही वेगळ्या मातीची नव्हते. एका रविवारी गंमत म्हणून झाशीतल्या नगरा भागातल्या आमच्या घरी स्वतःचीच मोजणी केली. सकाळपासून जेवणापर्यंत "जरा हे दे गं, ते आण गं" असं मी किती वेळा कुणाला म्हटलं? लेकीच्या नावापुढे रेघांचं जंगल झालं आणि लेकाच्या नावापुढे एकच रेघ, तीही टीव्हीचा आवाज कमी कर म्हणून. लेकीने तो कागद फ्रिजवर चिकटवून ठेवला. महिनाभर पाहुणे विचारत राहिले की हे काय आहे.

आता रामसेवक जी. झाशी जिल्ह्यातल्या गुरसराय गावाच्या वाटेवर, मुख्य रस्त्यापासून आत, सहावी ते आठवीची एक सरकारी शाळा होती. तिथे ते गणित शिकवत. पन्नाशीचे, अंगाने बारीक, झाशीहून रोज मोटरसायकलने येत. मी पहिल्यांदा गेले तेव्हा दारातच नेहमीसारखं स्वागत झालं. पिवळ्या ओढण्या घेतलेल्या सात-आठ मुली, हातात ताट, कपाळाला टिळा, मग स्वागतगीत. मुख्याध्यापिका सरोज जी, सगळी मुलं त्यांना बड़ी मैडम म्हणत, कौतुकाने बाजूला उभ्या होत्या. मग मी आठवीच्या वर्गात जाऊन मागे बसले.

तासाच्या शेवटी मुलांच्या बाजूला रेघाच रेघा होत्या, आणि मुलींच्या बाजूला दोन. वही पुढे ठेवली तसे रामसेवक जींचे कान लाल झाले. "मैडम जी, आज असल में लड़कियाँ..." त्यांनी सुरुवात केली. मी त्यांना बोलू दिलं नाही. आज असं आहे, उद्या वेगळं असेल, असं प्रत्येक जण म्हणतो, असं मी त्यांना ऐकवलं. मग त्यांनी दुसरं कारण सांगितलं. मुली फळ्यावर चुकल्या तर मुलगे हसतात. "बचाते हैं हम उनको." हे सांगताना त्यांच्या आवाजात लबाडी नव्हती. तरी पुढच्या प्रशिक्षणात मी तोच नकाशा चाळीस शिक्षकांसमोर भिंतीवर लावला. नाव लिहिलं नव्हतं. पण रामसेवक जी मान खाली घालून बसले, त्यावरून सगळ्यांना कळलं. मला तेव्हा बरं वाटलं होतं, हे आज लिहिताना लाज वाटते.

दुसरा कुणी असता तर त्याने माझं तोंड पाहिलं नसतं. रामसेवक जींनी पुठ्ठ्याचे तुकडे कापले, एकेकावर एकेका मुलाचं नाव लिहिलं आणि बिस्किटाच्या डब्यात टाकले. ज्याचं नाव निघेल त्याने उत्तर द्यायचं. सगळ्यांचं होईपर्यंत तुकडा परत डब्यात जात नसे. मुलींचं नाव निघालं की त्या उभ्या राहत आणि जमिनीकडे बघत. तेव्हा ते पाठ फिरवून फळा पुसू लागत. पुसलेलाच फळा पुन्हा पुसत, म्हणजे तिच्याकडे कुणी टक लावून बघतंय असं तिला वाटू नये. ही युक्ती मी त्यांना शिकवली नव्हती. नंतर इतरांना मात्र मीच शिकवत सुटले.

त्या डब्यातून रोशनी बाहेर आली. तेरा वर्षांची, उंच, आवाज खणखणीत. पुढच्या भेटीत मी मागे बसले होते तेव्हा तिचं नाव निघालं. ती फळ्यापाशी गेली, समीकरण सोडवलं आणि मधेच थांबून रामसेवक जींना म्हणाली, "सर जी, इसका छोटा वाला तरीका भी है." आणि करून दाखवलं. मुलगे हसले नाहीत. रामसेवक जींनी माझ्याकडे पाहिलं. एवढा आनंद त्यांनी स्वतःच्या पगारवाढीलाही दाखवला नसता.

तास संपल्यावर त्यांनी मला व्हरांड्यात गाठलं. गावात शाळा आठवीपर्यंतच. नववीसाठी गुरसरायला जायचं तर बस दिवसातून दोनदा, आणि रोशनीचे वडील तिला एकटीला पाठवणार नव्हते. पण नववीपासून पुढची एक निवासी सरकारी शाळा होती. तिची प्रवेशपरीक्षा झाशीला, सिव्हिल लाइन्समधल्या एका कॉलेजात होत असे. त्यात नाव आलं तर पाठवू, असा शब्द वडिलांनी दिला होता. नाही आलं तर शिक्षण संपलं. रामसेवक जींनी आठवीतल्या पाच-सहा जणांचा शाळेच्याच वेळात, पहिल्या दोन तासांना, वेगळा वर्ग सुरू केला होता. "बाकी सबका पता नहीं," ते म्हणाले, "लेकिन रोशनी निकल जाएगी."

मी खूश होऊन परतले आणि अहवाल लिहिला. त्यात त्या शाळेचं इतकं कौतुक केलं की वरच्या साहेबांनी स्वतः येऊन पाहायचं ठरवलं. तारीख मी ठरवायची होती. माझ्या भाच्याची मुंज ग्वाल्हेरला होती, ती सोडून मला सोयीचा होता तो परीक्षेच्या आधीचा गुरुवार. परीक्षा रविवारी.

दोन दिवसांनी रामसेवक जींचा फोन आला. "मैडम जी, तारीख एक हफ्ता आगे नहीं हो सकती? लड़कियों की परीक्षा है." मी म्हटलं, परीक्षा रविवारी आहे, आम्ही गुरुवारी येणार, दोन तास बसणार आणि जाणार. तुमचं काय अडतंय? मागून सरोज जींचा आवाज येत होता. मग ते म्हणाले, "जी, ठीक है." मला वाटलं, मोठ्या साहेबांसमोर पुन्हा मोजणी होईल म्हणून हे गडी घाबरले. तसं मी जिवाभावाच्या सहकारिणीलाही सांगितलं, आणि आम्ही दोघी हसलो.

गुरुवारी आमची जीप शाळेत पोचली तेव्हा पताका लावलेल्या होत्या. मुलींना साड्या नेसवल्या होत्या. ताटं, टिळा, नारळ, आणि मग गीत, ते चांगलं लांबलचक होतं. मधोमध रोशनी उभी राहून गात होती, बाकीच्या तिच्या मागून म्हणत होत्या. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. मग आम्ही आठवीत गेलो. मी मागच्या बाकावर बसले, वही उघडली, नकाशा काढायला घेतला. मुलींच्या बाजूला दोघीच होत्या. बाकीचे बाक रिकामे.

रामसेवक जी डबा घेऊन उभे होते. नाव काढत, ती मुलगी वर्गात नसे, तुकडा बाजूला ठेवत. दुसरं नाव, तीही नाही. साहेबांनी घड्याळ पाहिलं. मी हळूच पुढे जाऊन विचारलं, मुली कुठे आहेत? ते म्हणाले, "अभी नाच भी बाकी है न मैडम जी. तैयार हो रही हैं." आणि मग अगदी शांतपणे, "आप ही के लिए तो गई हैं."

कधीपासून? मी विचारलं. दहा दिवस. रोज पहिले दोन तास, म्हणजे नेमका परीक्षेच्या वर्गाचा वेळ. सरोज जींना वाटत होतं की साहेबांसमोर काही चुकू नये, आणि चुकू नये म्हणून त्यांनी चुणचुणीत मुली निवडल्या होत्या. गाणं लवकर पाठ होतं, सांगितलेलं कळतं, घाबरत नाहीत. म्हणजे वर्गातली जी जी मुलगी हुशार, तिच्याच हातात ताट. रामसेवक जींनी रोशनीला तरी सोडा म्हणून दोनदा विनवलं होतं. मुख्य आवाज तिचाच, असं उत्तर मिळालं. ते तिला गणितं लिहून देत, घरी सोडव म्हणत. घरी तिला चूल, शेण आणि धाकटी भावंडं होती.

साहेब गेल्यावर मी रामसेवक जींना विचारलं, माझ्या पहिल्या भेटीच्या वेळीही असंच झालं होतं का? त्या वेळी तीन दिवस तालीम होती, ते म्हणाले. मुलींना आदल्या दिवसांचा धडाच माहीत नव्हता. पाहुण्यांसमोर त्यांची फजिती नको म्हणून त्यांनी त्यांना विचारलं नाही. मी भिंतीवर लावलेला तो नकाशा असा होता. "पूरी बात वो भी नहीं थी," ते पुढे म्हणाले. "पहले भी हम कम ही पूछते थे. आपने गलत नहीं पकड़ा." मी इतकं करूनही त्या माणसाने मला त्यातून सोडवायचा प्रयत्न केला.

घरी येऊन मी जुन्या वह्या काढल्या. शाळा बदलत होत्या, मास्तर बदलत होते, मुली सगळीकडे गप्प होत्या, आणि सगळीकडे आधी माझं स्वागत झालं होतं. कुठे किती दिवस तालीम झाली हे मला कसं कळणार? मी कधी विचारलंच नव्हतं. मुली गप्प का, याची उत्तरं मी शिक्षकांच्या स्वभावात शोधत फिरले. टिळा लावून घेताना मान मात्र दर वेळी आनंदाने पुढे केली.

रविवारी रोशनीने परीक्षा दिली. यादीत तिचं नाव आलं नाही. ज्या दोन मुलींच्या हातात ताट नव्हतं त्यातल्या एकीचं आलं. तालमीमुळेच रोशनीचं हुकलं असं छातीठोकपणे कुणी सांगू शकणार नाही, आणि मी रामसेवक जींनाही तेच म्हटलं. ते म्हणाले, "जी."

तिचं पुढे काय झालं ते इथेच सांगते. दोन वर्षं ती घरी बसली. मग धाकटा भाऊ आठवी पास झाला, त्याला गुरसरायला नववीत घातलं, आणि तो सोबतीला आहे म्हणून तिलाही धाडलं. दोघं एकाच वर्गात, एकाच बसने. रामसेवक जी त्या वडिलांकडे दोन वर्षं चकरा मारत राहिले, त्याचं हे फळ.

मी स्वागताच्या विरुद्ध नियम केला, निदान माझ्यापुरता. भेटीच्या पत्रात लिहायला लागले की ताट नको, टिळा नको, गाणं नको. सरोज जी दुखावल्या. "मैडम जी, मेहमान को सूखा-सूखा कैसे बैठा दें?" त्यांचंही खरं होतं, घरी आलेल्याला आपण तसं बसवत नाही. एका शाळेने मधला मार्ग काढला आणि मुलग्यांच्या हातात ताट दिलं. त्यातल्या एकाने माझ्या नाकाला टिळा लावला. प्रशिक्षणाच्या पहिल्या सकाळी मी दुसऱ्या कुणाचा नकाशा लावणं बंद केलं. त्या गुरुवारचा माझा नकाशा लावायची, मुलींच्या बाजूला रिकामे चौकोन असलेला, आणि तो कसा झाला ते सांगायची. त्यानंतर "हमारे लिए तो सब बराबर हैं" असं म्हणायला कुणी चटकन उभं राहत नसे.

यादी लागली त्याच आठवड्यात मी रोशनीच्या घरी गेले होते. बरोबर रामसेवक जी होते. वडिलांनी खाट टाकली. ते रागावलेले नव्हते, तेच मला जड गेलं. "मैडम जी, भगवान की मर्जी," ते म्हणाले. "हमाई मोड़ी ने तो कोसिस करी हती." मोड़ी म्हणजे त्यांच्या बोलीत लेक. मर्जी कुणाची होती ते मला माहीत होतं. रोशनी पाणी घेऊन आली. पेपर कसा होता, असं रामसेवक जींनी विचारलं. "समलंब वाले सवाल थे, सर जी. वो पाठ तब हुआ था जब हम लोग गाने में थे." तक्रार नव्हती. विचारलं म्हणून तिने सांगितलं.

मी तिला माझ्याजवळ खाटेवर बसवलं. वडिलांसमोरच तिला सांगितलं की तुझा अभ्यास माझ्या स्वागतापायी बुडाला. तारीख मी ठरवली होती. सर जींनी फोन करून सांगितलं तरी मी ऐकलं नाही. चूक माझी आहे, मला माफ कर. मोठ्या माणसाने असं काही म्हटल्यावर काय करायचं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिने वडिलांकडे पाहिलं, मग सर जींकडे. रामसेवक जी अंगणाकडे बघत होते.

मग ती अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "मैडम जी, गाना अच्छा था न? बीच में हम एक लाइन भूल गए थे, आगे वाली गा दी. तब से यही सोच रहे थे, आपको बुरा लगा होगा."

ती गात होती तेव्हा मी पिशवीत नकाशाची वही शोधत होते. त्या गाण्यातला एक शब्दही मी ऐकलेला नव्हता.

"बहुत अच्छा था, बेटा," मी म्हटलं.